बोटीला इंजिन कोणते घ्यावे? डिझेलचे की पेट्रोलचे?



शेतीच्या कार्यक्रमात बोटीचा विषय कशाला, असे काही जणांना वाटेल. पण ज्यांची शेती धरणाच्या फुगवट्याला लागून आहे, त्यांना हा प्रश्न नवा नाही. भीमा नदीवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. नदीचे पात्र रुंदावले, जुने रस्ते पाण्याखाली गेले आणि समोर दिसणारे गाव वळसा घालून गाठायची वेळ आली. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या काठच्या गावांना होडी म्हणजे बैलगाडीइतकीच गरजेची झाली. अलीकडे त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव भागात रोहित पक्षी बघायला लोक येतात. शेतीला जोड म्हणून त्यांना बोटीतून फिरवावे, असे काठच्या अनेक तरुणांच्या मनात आहे.

अशाच एका गटाने आम्हाला पत्र लिहून विचारले: "छपराची, दहा-बारा माणसांची बोट घ्यायची आहे. एका ठिकाणी पर्यटनाची जुनी पेट्रोल बोट स्वस्तात मिळते. दिसायला झकास आहे, पळतेही जोरात. दुसरीकडे कारागीर डिझेल इंजिनाची नवी बोट बांधून देतो, पण पैसे जास्त सांगतो आणि ती चालते हळू. कोणती घ्यावी?"

मी शेतीचा पदवीधर, बोटीचा मिस्त्री नव्हे. तरी काठच्या गावांत नोकरी करताना नावाड्यांबरोबर आणि मेकॅनिकांबरोबर बसून जे शिकलो, ते या पत्रकात सांगतो. प्रश्न नुसता पैशाचा नाही. बोटीत आपलीच माणसे बसणार आहेत.

आधी काम ठरवा, मग बोट, मग इंजिन

बैल घ्यायला बाजारात गेलो की आपण आधी विचार करतो, नांगराला हवा की शर्यतीला. बोटीचेही तसेच आहे. इंजिनाकडे बघण्याआधी बोटीचा तळ बघा. बोटी ढोबळमानाने दोन जातींच्या असतात.

पहिली जात पाणी कापत जाणारी. हिचे अंग खोल आणि जड असते. ओझे घेतले तरी ती शांतपणे चालते. पण तिच्या वेगाला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. पाण्याला टेकलेली लांबी २५ फूट असेल तर अशी बोट ताशी साधारण १२ किलोमीटरच्या पुढे नेटाने जात नाही. इंजिन दुप्पट मोठे बसवले तर लाटा मोठ्या उठतात, तेल जास्त जळते, वेग मात्र फारसा वाढत नाही.

दुसरी जात पाण्यावर उचलून घसरत जाणारी. हिचा तळ मागे सपाट आणि अंग हलके असते. जोर लावला की तिचे नाक वर येते आणि ती पाण्याच्या वरून पळते. यासाठी इंजिनाची ताकद फार लागते. हिच्यात केळीचे घड, खताची पोती किंवा जास्त माणसे भरली की ती उचलत नाही. मग ती ना धड पळते, ना धड ओझे वाहते आणि पेट्रोल मात्र पिते.

पहिल्या जातीला बहुधा आत बसवलेले डिझेल इंजिन असते. दुसऱ्या जातीला पुष्कळदा स्टर्न ड्राइव्हचे पेट्रोल इंजिन असते. म्हणून या दोहोंची तुलना म्हणजे खरे तर दोन वेगळ्या कामांची तुलना आहे. शंभर किलोमीटरचा प्रवास झटपट उरकायचा असेल तर गोष्ट निराळी. पण पैलतीर गाठायला किंवा पक्षी दाखवायला ताशी १२ किलोमीटर पुरे होतात. उलट पक्ष्यांजवळ जोरात गेलात तर पक्षीच उडून जातात आणि पाहुणे नाराज होतात.

दोन्हींची रचना कशी असते?

आत बसवलेल्या इंजिनाची बोट, म्हणजे इनबोर्ड. इंजिन बोटीच्या मध्याजवळ तळाशी पक्के बसवलेले असते. त्याला गिअर आणि गिअरला लांब दांडा, म्हणजे शाफ्ट. हा शाफ्ट तळातून बाहेर पाण्यात जातो. त्याच्या टोकाला पंखा आणि पंख्यामागे सुकाणू. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथे ग्लँड असते. तुमच्या विहिरीवरच्या पंपाला दोरी भरलेली ग्लँड असते ना, तीच गोष्ट. इथेही चालताना थेंब थेंब पाणी गळावे, धार लागू नये. फार आवळली तर शाफ्ट तापतो आणि झिजतो. ज्याने पंपाची ग्लँड भरली आहे, त्याला ही भरायला कोणी शिकवावे लागत नाही.

स्टर्न ड्राइव्ह म्हणजे काय? इथे इंजिन बोटीच्या आतच, पण अगदी मागच्या फळीला चिकटून असते. फळीला भोक पाडून बाहेर गिअरचा एक पाय लटकवलेला असतो आणि त्या पायाला पंखा असतो. सुकाणू वेगळे नसते. हा पाय डावीकडे-उजवीकडे फिरतो आणि बोट वळते. व्हॉल्वो पेंटा या स्वीडनच्या कंपनीने १९५९ साली ही रचना बाजारात आणली. तिचे गुण खरे आहेत. इंजिन मागे गेल्यामुळे बोटीत बसायला जागा जास्त मिळते. पाय वर उचलता येतो, त्यामुळे उथळ पाण्यात किंवा काठाला लावताना सोय होते. मागे घेताना आणि वळताना बोट चटकन ऐकते.

मात्र तो पाय आणि बोटीचे अंग यांच्यामध्ये रबराचे घड्यांचे नळे असतात, त्यांना बेलोज म्हणतात. हे रबर उन्हाने आणि वयाने तडकते. ते फाटले की पाणी सांध्यात आणि बोटीत शिरते. म्हणून बेलोज दरवर्षी तपासावे लागतात आणि वेळेवर बदलावे लागतात. पायातले गिअर ऑइलही साधारण १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचे असते. हा खर्च इनबोर्डला नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डिझेलचे स्टर्न ड्राइव्हही असतात आणि पेट्रोलचे इनबोर्डही असतात. म्हणून घेताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: इंधन कोणते आणि पंख्यापर्यंत ताकद जाते कशी?

सगळ्यात मोठा फरक: वाफ

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबतात आणि प्लगच्या ठिणगीने पेटवतात. डिझेल इंजिनाला प्लगच नसतो. त्यात हवा इतकी जोरात दाबतात की ती तापून लाल होण्याच्या बेताला येते आणि नोझलमधून डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो. विहिरीवरचे तुमचे इंजिन याच तत्त्वावर चालते.

हा फरक जमिनीवर फारसा जाणवत नाही. पेट्रोलची मोटारसायकल आपण सगळेच चालवतो. तिथे पेट्रोल गळले तरी वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते. बोटीत तसे होत नाही. बोट म्हणजे पाण्यावर ठेवलेले घमेले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडत नाही, पाण्यासारखी तळाला जाऊन साठते आणि तिथेच बसते. भर थंडीतही पेट्रोलची वाफ होतच असते. इंजिनाच्या खोलीत साठलेल्या त्या वाफेत स्टार्टरची एक ठिणगी पुरते. डिझेलची वाफ अशी सहज होत नाही, म्हणून बंद जागेत डिझेल कितीतरी सुरक्षित.

मला हे पुस्तकातून कळले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पाहणीसाठी मी एका पेट्रोलच्या बोटीत बसलो. नुकतेच पेट्रोल भरले होते. मला उशीर झाला होता आणि मी नावाड्याला म्हणालो, "चला लवकर, मारा किल्ली." म्हातारा नावाडी काही बोलला नाही. त्याने किल्ली खिशात घातली, इंजिनावरचे झाकण उघडले आणि गुडघ्यावर बसून आत नाक घातले. मग आम्हा सगळ्यांना काठावर उतरवले. टाकीच्या नळीचा क्लिप सैल होता आणि तळाला पेट्रोल होते. फडक्याने टिपून, वारा घालून, तासाभराने त्याने बोट सुरू केली. मला म्हणाला, "साहेब, तुमचा तास गेला, पण आपण सगळे आहोत." त्या दिवसापासून मी बोटीत कोणालाही घाई करत नाही.

पेट्रोलची बोट घ्यायचीच असेल तर हे नियम पाळा:

१. पेट्रोल भरताना सगळी माणसे काठावर उतरवा. विडी, काडी, स्टोव्ह, सगळे बंद. झाकणे आणि खिडक्या लावून घ्या, म्हणजे वाफ आत शिरणार नाही.

२. हलता येण्याजोगी टाकी असेल तर ती काठावर नेऊन भरा, बोटीत भरू नका.

३. भरून झाल्यावर झाकणे उघडा. तळाची हवा बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, निदान चार मिनिटे चालवा. मग झाकण उघडून वास घ्या. वास आला तर किल्ली लावायची नाही. ब्लोअर चालला म्हणजे झाले असे नाही, खरी खात्री नाकानेच.

४. स्टार्टर, अल्टरनेटर आणि वायरिंग बोटीसाठी बनवलेलेच घ्या. त्यांतली ठिणगी बाहेर येत नाही. मोटारीचा स्टार्टर स्वस्त मिळतो आणि बसतोही, पण पेट्रोलच्या बोटीत तो बसवणे म्हणजे गवताच्या गंजीत दिवा ठेवणे.

५. कार्बोरेटरच्या तोंडावर ज्वाळा अडवणारी जाळी असते. ती काढून ठेवू नका.

डिझेलवाल्यांनीही गाफील राहू नये. डिझेलची फुटकी नळी गरम सायलेन्सरवर उडाली तर आग लागतेच. आणि पाहुण्यांना चहा करायला बोटीत गॅसची शेगडी ठेवाल, तर स्वयंपाकाचा गॅसही हवेपेक्षा जड असून तळाला साठतो. मग डिझेलच्या बोटीतही तोच धोका आला. चहा काठावर करा, थर्मासमध्ये भरून न्या. दोन्ही प्रकारच्या बोटीत कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी हवे. पेटत्या तेलावर पाणी टाकू नका, आग पसरते.

न दिसणारा धूर

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू डिझेलपेक्षा फार जास्त असतो. त्याला रंग नाही, वास नाही. छपराची, पडदे लावलेली बोट हळू चालली की मागचा धूर उलटा फिरून आत येतो. डोके दुखणे, मळमळ, झोप येणे ही त्याची लक्षणे. लोकांना वाटते बोट लागली. असे झाले तर लगेच इंजिन बंद करून माणसाला मोकळ्या हवेत आणा. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणाला बसू देऊ नका आणि मागे पोहायला तर मुळीच उतरू देऊ नका.

इंधनाचा हिशेब

आता पैशाचे बोलू. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के ऊर्जा जास्त असते, शिवाय डिझेल इंजिन त्या ऊर्जेचा उपयोगही जास्त करते. ढोबळ हिशेब असा धरावा: एक अश्वशक्ती तासभर वापरायला डिझेल पाव लिटर लागते, तर पेट्रोल ३५० ते ४०० मिलिलिटर.

समजा, तुमच्या जड बोटीला सरासरी २० अश्वशक्ती लागते. रोज ३ तास, वर्षाला २०० दिवस, म्हणजे ६०० तास.

डिझेल: तासाला ५ लिटर. वर्षाला ३,००० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर २,७०,००० रुपये.

पेट्रोल: तासाला साडेसात लिटर. वर्षाला ४,५०० लिटर. लिटरला १०० रुपये धरले तर ४,५०,००० रुपये.

फरक १,८०,००० रुपयांचा. दर मी हिशेबाला सोपे धरले आहेत, तुम्ही पंपावरचा आजचा दर घालून पुन्हा मांडा. आणि हा हिशेब हळू चालवण्याचा आहे. पळणाऱ्या बोटीत १०० अश्वशक्ती सतत वापरलीत तर तासाला ३५ ते ४० लिटर पेट्रोल जाईल. जुनी बोट घेताना जे पैसे वाचतात, ते पहिल्या-दुसऱ्या हंगामात टाकीतून निघून जातात.

पण हाच हिशेब उलटाही मांडून बघा. बोट वर्षाला फक्त ४०-५० तास चालणार असेल, तर इंधनातली बचत थोडकी राहते आणि डिझेल इंजिनाची जास्त किंमत वसूल व्हायला फार वर्षे लागतात. म्हणून आधी वहीत तास लिहा. "पुष्कळ चालेल" हा काही आकडा नव्हे.

उसाच्या पेट्रोलची गोष्ट

एक नवी बाब बोट विकणारा बहुधा सांगणार नाही. आपल्या उसापासून आणि धान्यापासून इथेनॉल तयार होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ साली देशात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. ऊस लावणाऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. पण परदेशी बनावटीची पुष्कळ पेट्रोल बोट-इंजिने १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठीच बनवलेली आहेत. जुन्या इंजिनातल्या रबरी नळ्या आणि वॉशर त्याहून जास्त इथेनॉलने मऊ पडून गळू शकतात. बोटीत पेट्रोल गळणे म्हणजे काय, ते वर सांगितलेच आहे.

शिवाय इथेनॉल पाणी ओढते. बोट पाण्यावर, हवा दमट, टाकी अर्धी रिकामी आणि बोट महिनोन्महिने उभी, असे झाले की टाकीत पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसते आणि इंजिन मध्येच बंद पडते. म्हणून जुनी पेट्रोल बोट घेताना तिचे माहितीपुस्तक मागा आणि किती टक्के इथेनॉल चालते ते त्यात बघा. पुस्तक नसेल तर सर्व नळ्या बदलण्याचा खर्च किमतीत धरा.

डिझेललाही पाण्याचे वावडे आहेच. पाणी गेले की नोझल आणि पंप खराब होतो. टाकी भरलेली ठेवा, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा आणि त्याच्या तळाचे पाणी दर आठवड्याला सोडा.

आपले पाणी कसे आहे?

समुद्राचे पाणी वेगळे, आपल्या फुगवट्याचे वेगळे. मे महिन्यात उजनीचे पाणी इतके खाली जाते की पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ उघडे पडते. जिथे देऊळ बुडाले आहे तिथे घरांची जोती, बांध आणि बाभळीचे बुडखेही बुडाले आहेत.

अशा पाण्यात उचलता येणारा पाय सोयीचा वाटतो आणि उथळ चिखलात तो सोयीचा आहेही. पण वेगात चाललेल्या बोटीचा पाय बुडख्यावर आदळला तर पंखाच नव्हे, गिअरही फुटतो, आणि त्याची दुरुस्ती महाग. इनबोर्डचा पंखा कायम पाण्यातच असतो. तो उचलता येत नाही, पण तळाचा कणा त्याच्या पुढे खाली उतरलेला असेल तर पहिला धक्का कणा खातो. म्हणून डिझेल बोट बांधून घेताना कारागिराला सांगा की कणा पंख्याच्या खालपर्यंत आणायचा आणि पंख्याखाली लोखंडी पट्टी द्यायची.

जलपर्णी आणि गाळ यांचा त्रास दोघांनाही सारखाच. थंड करणारे पाणी ओढण्याच्या तोंडाशी जाळी हवी आणि ती सहज साफ करता यावी. पाण्याच्या पंपात रबराची फिरकी असते, गाळाने ती झिजते. एक जादा फिरकी कायम बोटीत ठेवा.

शेतातले इंजिन बोटीत बसवावे का?

हा प्रश्न हमखास येतो. पंपाचे डिझेल इंजिन घरी पडून आहे, तेच बसवले तर? इंजिन चालेल, यात शंका नाही. पण पंपाच्या इंजिनाला मागे चालण्याचा गिअर नसतो. त्यामुळे काठाजवळ बोट थांबवता येत नाही. हवेने थंड होणारे इंजिन बंद खोलीत तापते. सायलेन्सर लाकडाजवळ लाल होतो. फ्लायव्हील आणि पट्टा उघडा असतो, त्यात लुगडे, धोतर, ओढणी अडकते. स्वतःच्या मालवाहू होडीची गोष्ट वेगळी, पण पैसे घेऊन माणसे बसवायची तर गिअरसह बोटीचेच इंजिन घ्या.

बिघडले तर कोण दुरुस्त करणार?

इंजिन काठावर नव्हे, पाण्याच्या मध्यावर बंद पडते. डिझेलला नेहमी होणारे दोन आजार म्हणजे फिल्टर तुंबणे आणि नळीत हवा जाणे. हवा कशी काढायची हे ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला ठाऊक असते. पाना आणि जादा फिल्टर जवळ असला की दहा मिनिटांत काम होते. तालुक्याच्या गावी डिझेलचा मेकॅनिक हमखास मिळतो.

पेट्रोल इंजिनाचे प्लग आणि कार्बोरेटरही आपले लोक दुरुस्त करतात. पण स्टर्न ड्राइव्हच्या पायाचे गिअर, बेलोज आणि सील यांचे सुटे भाग तालुक्याला मिळत नाहीत. ते मुंबईहून किंवा गोव्याहून मागवावे लागतात आणि हंगामाचे दिवस वाट बघण्यात जातात. बोट घेण्याआधी एक काम करा. त्या इंजिनाच्या पाच भागांची यादी घेऊन दुकानात जा: फिल्टर, पाण्याच्या पंपाची फिरकी, स्टार्टर, पंखा आणि सील. ते किती दिवसांत आणि कितीला मिळतात ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर तेच उत्तर समजा.

जुनी बोट तपासताना

थंड इंजिन स्वतः सुरू करा. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी जा. काळा धूर म्हणजे इंजिनावर ओझे किंवा इंधन जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते, पांढरा थांबतच नसेल तर पाणी शिरते किंवा इंधन नीट जळत नाही. ऑइलची कांडी काढा. ऑइल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. स्टर्न ड्राइव्हच्या पायातलेही थोडे ऑइल काढून बघा. दुधी असेल तर सील गेले.

मागची फळी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. टणक आवाज यावा. भद्द आवाज आला तर फायबरच्या आतले लाकूड कुजले आहे. स्टर्न ड्राइव्हचा सगळा भार त्याच फळीवर असतो, म्हणून अशी बोट फुकट मिळाली तरी घेऊ नका. शेवटी, जेवढी माणसे बसवणार तेवढ्या वजनाची पोती भरून बोट तासभर चालवा. रिकाम्या बोटीची चाचणी म्हणजे रिकाम्या गाडीला बैल जुंपून बघणे.

इंजिन वादळाला उत्तर नाही

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे बुडाली. त्यात लहान मुलेही होती. हे पत्रक लिहिताना ती बातमी माझ्या डोळ्यांसमोर आहे. इंजिन डिझेलचे असो की पेट्रोलचे, वळवाच्या वाऱ्यापुढे ते काही करू शकत नाही.

म्हणून मेच्या दुपारनंतर आभाळ काळवंडले की बोट सोडायची नाही, पाहुणे कितीही घाई करोत. जीवरक्षक जाकिटे गाठोड्यात नव्हे, अंगावर हवीत, आणि मुलांसाठी मुलांच्या मापाची. छपरावर माणसे बसवू नका. कायदाही पाळा. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयानांचा २०२१ चा कायदा आला आहे. इंजिनाच्या बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. त्याची चौकशी महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाकडे करा आणि धरणाच्या पाण्यात बोट चालवण्याची परवानगी जलसंपदा विभागाकडून घ्या. हे कागद झाल्याशिवाय विसार देऊ नका.

तर मग कोणती घ्यावी?

ज्या गटाने पत्र लिहिले, त्यांचे काम रोजचे आहे, ओझ्याचे आहे, माणसांचे आहे आणि अंतर थोडे आहे. त्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: आत बसवलेल्या डिझेल इंजिनाची, पाणी कापत जाणारी बोट घ्यावी. पैसे कमी पडत असतील तर एक हंगाम थांबावे किंवा बोट थोडी लहान घ्यावी, पण स्वस्त मिळते म्हणून जुनी पेट्रोल बोट घेऊ नये.

पेट्रोलचा स्टर्न ड्राइव्ह वाईट आहे, असे मी म्हणत नाही. अंतर मोठे, माणसे थोडी, वापर वर्षात मोजक्या दिवसांचा, जवळ जाणकार मेकॅनिक आणि चालवणारा दर वेळी नाकाने वास घेणारा, अशी पाच जमली तर ती बोट उत्तम काम देते. पण भाड्याने चालणाऱ्या बोटीवर आज एक माणूस असतो, उद्या दुसरा. त्यातला एक जण घाईत वास घ्यायचा विसरला तर चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. डिझेलमध्ये चूक झाली तर बहुतेक वेळा इंजिन बंद पडते आणि माणसे वल्ह्याने काठाला येतात.

या दोन चुकांतला फरक गटाच्या बैठकीत सगळ्यांना समजावून सांगा, घरातल्या बायामाणसांनाही बैठकीला बोलवा, कारण बोटीत त्याही बसणार आहेत. मग किमतीचे बोला.

आपल्या शंका पत्राने जरूर कळवा. बोटीची लांबी, माणसे, अंतर आणि वर्षाचे तास लिहायला विसरू नका. आणि बोट कोणतीही घ्या, तिच्यात दोन वल्ही आणि एक लांब दोर कायम ठेवा.

नमस्कार.